देवी काढणे : सातपुड्याच्या पायथ्याची एक नोंद

मराठीत 'देवी' हा शब्द दीर्घकाळ तीन अर्थांनी नांदला. देवी म्हणजे देवता. देवी म्हणजे अंगभर फोड आणणारा, अनेकांचे प्राण घेणारा आणि जो वाचेल त्याच्या चेहऱ्यावर वण ठेवून जाणारा रोग. आणि 'देवी काढणे' म्हणजे त्या रोगाविरुद्ध लस टोचणे. देवता, तिचा कोप आणि कोपावरचा उपाय एकाच शब्दाच्या छत्राखाली राहिले. गावात लस टोचायला येणाऱ्या सरकारी माणसाला कित्येक ठिकाणी 'देवी डॉक्टर' म्हणत, आणि त्यात विनोद आहे असे कोणालाही वाटत नसे.

भाषेच्या अभ्यासकाला ही एक मौजेची नोंद वाटेल. आम्हांस मात्र असे वाटते की आपल्याकडील लसीकरणाचा सारा इतिहास या एका वाक्प्रचारात दडलेला आहे. परकी गोष्ट लोकांनी स्वीकारली ती आपल्या शब्दांत ओवून घेतल्यावर. आणि जिथे शब्द जुळला नाही तिथे सुईही पोहोचली नाही. या लेखात आम्ही हे सूत्र एका विशिष्ट ठिकाणाहून पाहू इच्छितो. ते ठिकाण म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावद.

शहाद्याहून उत्तरेकडे निघाले की ऊस-कापसाची सपाट जमीन सरत जाते आणि समोर सातपुडा उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी म्हसावद आहे. येथूनच राणीपूरमार्गे तोरणमाळची वाट डोंगरात शिरते. एकीकडे गुजर व इतर शेतकऱ्यांची गावे, दुसरीकडे भिल्ल आणि पावरा समाजांचे पाडे. बाजारात मराठीबरोबर अहिराणी, गुजरी, भिल्ली आणि पावरी कानांवर पडतात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, त्यामुळे डोंगरातला आजार खाली उतरतो तो येथे, आणि सपाटीवरची योजना वर चढते तीही येथूनच. उंबरठ्यावरच्या गावाला दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकावे लागते.

अशा गावातील माणसांचे दंड हे एक ऐतिहासिक साधन आहे. पन्नाशीच्या पुढच्या माणसांच्या दंडावर देवी काढल्याचे मोठे, खोलगट वण दिसतील. त्यांच्या मुलांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा लहानसा वण असेल. नातवंडांच्या बहुतेक लसी मांडीत टोचल्या जातात आणि खूण ठेवीत नाहीत. त्यांची नोंद राहते ती माता-बाल संरक्षण कार्डावर. शरीराकडून कागदाकडे झालेला हा प्रवास दोन शतकांचा आहे.

*

या प्रवासाचा पश्चिम भारतातील आरंभ सर्वज्ञात आहे. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गोस्तनरोगाच्या लशीचा प्रयोग केला. ती लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेला द्रव पुढे इतर मुलांना टोचला गेला आणि तेथून ही साखळी देशभर पसरली.

'लस' या शब्दाचा मूळ अर्थ येथे आठवावा. जखमेतून किंवा फोडातून स्रवणारे पातळ पाणी ते लस. त्या काळी हे पाणी टिकवण्याचे साधन नव्हते. ते एका जिवंत दंडातून दुसऱ्या जिवंत दंडात न्यावे लागे. मूल हेच लशीचे पात्र आणि मूल हेच तिचे वाहन. स्पेनच्या राजाने १८०३ साली अमेरिकेकडे लस पाठवली तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुले घेतली होती. वाटेत दर काही दिवसांनी त्यांच्यापैकी दोघांना टोचून ती साखळी जिवंत ठेवली गेली. इतिहासात पहिले नाव राहते, म्हणून ॲना डस्टहॉल हे नाव राहिले. तिच्यानंतरची हजारो मुले केवळ दंड म्हणून उरली.

आपल्या मुलाच्या फोडातले पाणी परक्याला द्यावे आणि परक्याचे पाणी आपल्या मुलाच्या रक्तात जावे, ही कल्पना जातिबद्ध समाजाला सहज पटणारी नव्हती. पण विरोधाचे कारण केवळ जात नव्हे. फोड फोडून द्रव काढताना मूल रडे, दंड सुजे, ताप येई. आणि त्याच दंडातून आणखी दहा जणांसाठी लस काढली जाणार हे आईला दिसत असे. याला केवळ अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे हा इतिहासकाराचा आळस होय. पुढे वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली, विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावला त्यासाठी संस्था उभी राहिली, आणि दंडातून दंडात जाणारी ही साखळी संपली. विरोधही त्या मानाने ओसरला. लोकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, एवढे यावरून दिसते.

दरम्यान सरकारने कायद्याचा हात धरला होता. १८७७ साली मुंबई शहरासाठी सक्तीच्या लसीकरणाचा कायदा झाला, १८८० साली नगरपालिका व छावण्यांसाठी देशपातळीवरचा कायदा आला. त्याच १८८० साली खानदेशचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्या काळच्या गॅझेटियरांमध्ये आरोग्यावर एक लहानसे प्रकरण असे : दवाखाने किती, रोगी किती, टोचलेली मुले किती. अशा प्रकरणात आकडे सापडतात, आवाज सापडत नाही. डोंगराच्या पायथ्याच्या भिल्लाला त्याच दशकांत सरकार भेटत होते ते वनखात्याच्या रूपाने. १८७८ च्या कायद्याने त्याचे जंगल राखीव होऊ लागले होते. ज्या हाताने कुऱ्हाड हिसकावली, त्याच हातातली सुई विश्वासाची कशी वाटावी?

*

आता आम्ही वाचकांचे लक्ष एका वेगळ्या घटनेकडे वेधू इच्छितो. ती आरोग्याच्या इतिहासात सहसा येत नाही, पण यावी असे आम्हांस वाटते.

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर देवीच्या साथीत कोळी समाजाने देवीला शांत करण्याचे विधी केले. अशा विधींत अंगात येते आणि अंगात आलेल्या व्यक्तीच्या तोंडून देवी बोलते. ही देवी किनाऱ्यावर थांबली नाही. गावोगाव विधी होत होत ती डोंगराळ भागात शिरली, डांगात पोहोचली, आणि तेथून पश्चिम खानदेशाच्या सीमेवरील व सुरत जिल्ह्यातील आदिवासी गावांत पसरली. वाटेत तिचे बोलणे बदलत गेले. रोगापासून वाचवण्याच्या मागणीचे रूपांतर आज्ञांत झाले : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, दारू विकणाऱ्या सावकारांशी व्यवहार तोडा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा सविस्तर अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसते की ही आदिवासींची स्वतःची, स्वतःच्या भाषेत चाललेली चळवळ होती; गांधीवादी कार्यकर्ते तिला येऊन मिळाले ते नंतर.

पुढे १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराजांच्या 'आप' पंथाने व्यसनमुक्ती आणि स्वच्छता यांचाच आग्रह धरला, आणि सातपुड्याच्या पायथ्याची असंख्य भिल्ल कुटुंबे त्यांच्याकडे वळली. ही ठिकाणे म्हसावदपासून फार दूर नाहीत.

या घटनांचे रोमँटिक गुणगान करण्याचा आमचा हेतू नाही. विधीने देवीचा रोग थांबत नाही. तो थांबवला लशीनेच. पण येथे एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. रोज स्नान करा, दारू सोडा, हा संदेश छापखान्याशिवाय, पगारी नोकराशिवाय, काही महिन्यांत शेकडो गावांत पोहोचला. लस टोचून घ्या, हा संदेश कायद्याचा आधार असूनही पाऊण शतक अडखळत चालला. पहिल्या संदेशाचा वाहक शेजारचा माणूस होता, दुसऱ्याचा परका. आशयाइतकाच वक्ता महत्त्वाचा, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

*

स्वातंत्र्यानंतर आरोग्याच्या मोहिमा घरापर्यंत आल्या, आणि त्यांनी आपला इतिहास घरांच्या भिंतींवर लिहिला. १९५८ साली मलेरिया निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. फवारणी करणारे आणि रक्ताचा नमुना घेणारे कर्मचारी घराच्या भिंतीवर भेटीची तारीख घालून जात. रोग शोधण्यासाठी, कोणी बोलावले नसताना, सरकारी माणूस दारात येऊन 'घरात कोणाला ताप आहे का' असे विचारू लागला तो तेव्हापासून. आज ज्याला आपण तपासणी मोहीम म्हणतो तिचे हे आरंभीचे रूप.

देवीच्या अखेरच्या लढ्यात हाच मार्ग कामी आला. १९६२ साली सुरू झालेल्या कार्यक्रमाचा भर सरसकट सर्वांना टोचण्यावर होता. १९७३ पासून पद्धत बदलली : रुग्ण शोधायचा, आणि त्याच्याभोवतीच्या सर्वांना टोचून रोगाला कोंडायचे. कर्मचारी देवी आलेल्या बाळाचे चित्र असलेले कार्ड घेऊन शाळांत आणि आठवडे बाजारांत फिरत, असा रुग्ण पाहिलात का, असे विचारीत. खबर देणाराला बक्षीस असे. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग. मानवजातीने समूळ घालवलेला हा माणसाचा एकमेव रोग.

या यशाला एक काळी किनारही आहे. इतिहासकार पॉल ग्रीनो यांनी दाखवून दिले आहे की अखेरच्या टप्प्यात दक्षिण आशियात काही ठिकाणी रात्रीबेरात्री घरांत शिरून, माणसांना धरून लस टोचली गेली. लगेच आणीबाणी आली आणि नसबंदीची सक्ती आली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अंमलात आले नाही. सरकारी सुई आणि वंशच्छेद यांची सांगड लोकांच्या मनात त्या दोन वर्षांत पक्की झाली. पुढे पोलिओच्या थेंबांनी मुले निपजत नाहीत, अशा अफवा देशात अनेक ठिकाणी उठल्या. त्या अडाणीपणातून उगवल्या असे आपण म्हणतो. त्या आठवणीतूनही उगवल्या होत्या.

*

१९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. मराठीने पुन्हा आपले शब्द दिले. डीपीटीला 'त्रिगुणी' हे नाव मिळाले. ती ज्या रोगांवर होती त्यांची नावे पाहा : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. घशात वेटोळे घालून बसलेला साप. शरीराचे धनुष्य करणारा वात. ज्यांनी ही नावे घेतली त्यांनी ती मुले डोळ्यांनी पाहिली होती. आजच्या विद्यार्थ्यांना यांतले बहुतेक शब्द अनोळखी वाटतात, आणि हे विस्मरण हेच लशीचे यश होय. मात्र यशातूनच एक अडचण निर्माण होते. घटसर्प कोणी पाहिलेला नसतो, लशीनंतरचा ताप मात्र प्रत्येक आईने पाहिलेला असतो. खेळते मूल टोचून आणल्यावर रात्रभर किरकिरते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. न दिसणाऱ्या सापासाठी दिसणारा ताप का सोसावा, या प्रश्नाचे उत्तर परिचारिकेला दर सत्रात नव्याने द्यावे लागते.

ते ती कसे देते, हे पाहण्याजोगे आहे. लसीकरण सत्रात तिने पालकांना चार गोष्टी सांगायच्या असतात : कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास काय होऊ शकतो व झाल्यास काय करावे, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणा. चार वाक्ये. पावरी बोलणाऱ्या आईला ती प्रमाण मराठीत सांगितली तर सत्र उरकते. तिच्या बोलीत सांगितली तर ती पुढच्या वेळी येते. २००५ नंतर आशा कार्यकर्ती ही व्यवस्था आली तिचे मोल आम्हांस येथे दिसते. आशा त्याच गावची सून किंवा लेक असते. ज्याचा अभाव गॅझेटियरच्या काळापासून होता तो शेजारचा आवाज आरोग्यव्यवस्थेत आला, जरी त्याचा मोबदला आजही त्या कामाच्या मानाने अपुरा आहे.

भूगोलाच्या अडचणी वेगळ्याच. बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात राखाव्या लागतात आणि खानदेशचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. बर्फाच्या पट्ट्या घातलेला डबा खांद्याला लावून पाड्यावर चढायचे. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात एक चौकोन असतो. उष्णतेने चौकोन गडद होत जातो, आणि तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी टाकून द्यायची. दुसरी अडचण स्थलांतराची. दिवाळीनंतर कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. सहा, दहा, चौदा आठवडे आणि नऊ महिने हे लशीचे पंचांग. दिवाळी ते होळी हे पोटाचे पंचांग. दोन्हींचा मेळ घालायचा तर भोंगऱ्या बाजार आणि होळीचे दिवस हे आरोग्यखात्याच्या दृष्टीने सुगीचे मानायला हवेत.

१९९५ पासून पल्स पोलिओने पुन्हा भिंती लिहिल्या. घरातील सर्व मुलांना डोस मिळाला तर 'पी', कोणी राहिले तर 'एक्स', आणि बाळाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. १३ जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही. २०१४ साली मुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. भिंती सारवल्या गेल्या, खुणा पुसल्या गेल्या. पण तसा विश्वास आपोआप दुसऱ्या लशीकडे वळत नाही. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी कोविड लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांचा आढावा घेतला, त्या यादीत नंदुरबार होता. आणि त्याच साथीत, २०२० साली, नर्मदाकाठच्या चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पलीकडच्या पाड्यांवरील बालके आणि गरोदर स्त्रियांपर्यंत जात होती. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. यादी जिल्ह्याची असते, होडी माणसाची.

*

आज या भागातील सर्वांत नाजूक काम सिकलसेलच्या तपासणीचे आहे. भारतात हा विकार प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. नंदुरबारच्या भिल्ल व पावरा समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी दाखवले की या जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. याचा अर्थ, जंगलातल्या हिवतापाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजल्याचा इतिहास या समाजांच्या रक्तात लिहिलेला आहे. एका प्रतीने पूर्वज तरले. दोन प्रती वाट्याला आलेले मूल वेदनांनी तळमळते, त्याचे रक्त आटते, प्लीहा निकामी होऊ लागते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सुमारे सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे ध्येय. तपासणी आणि लस यांचे नाते येथे जुळते. प्लीहा काम करीनाशी झाली की न्यूमोकॉकस जंतू अशा बालकाला घातक ठरतो. त्यावरची लस २०२१ पासून महाराष्ट्राच्या नियमित कार्यक्रमात आहे. कोणत्या बाळाला तिची सर्वाधिक गरज आहे हे रक्ताचा थेंब सांगतो.

पण थेंब आणखीही काही सांगतो. तपासणीनंतर माणसाला एक शब्द मिळतो : 'ग्रस्त' किंवा 'वाहक'. वाहक आजारी नसतो. मात्र दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, म्हणून लग्नापूर्वी समुपदेशनाचा सल्ला दिला जातो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. तो पाड्यावर पोहोचताना मात्र 'ही मुलगी रोगी आहे' असा होऊन पोहोचला, तर आपण एका मुलीचे आयुष्य एका शब्दाने बिघडवलेले असते. देवीचा वण चेहऱ्यावर दिसे. हा वण कागदावर असतो, आणि मांडवाच्या दारात वाचला जातो. 'वाहक' या शब्दाला भिल्ली-पावरीत काय म्हणावे, हा प्रश्न आम्हांस प्रयोगशाळेच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो.

शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता वाचकांना परिचित असेल. आपले दुःख दुसरेच कोणी मंचावरून आपल्याला सांगत असल्याचा अनुभव तिच्यात आहे. आरोग्यशिक्षणाच्या दोन शतकांच्या व्यवहारावर याहून नेमके भाष्य आम्हांस ठाऊक नाही. देवी गेली, पोलिओ गेला, ते लशीमुळे आणि ती वाहून नेणाऱ्या पायांमुळे. पण त्या पायांनी काय पाहिले, चार वाक्ये कोणत्या बोलीत सांगितली, कोणत्या दारातून परत फिरावे लागले, हे आकड्यांच्या रकान्यांत मावले नाही आणि आपल्या साहित्यातही फारसे आले नाही. ते लिहू शकतील अशा परिचारिका, आशा, सेविका आज म्हसावदच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या मुली महाविद्यालयांत शिकत आहेत. वर्गात 'स्टेज' शिकवणाऱ्या अध्यापकाने त्यांच्यापैकी एकीला आईच्या बोलीत आईची ड्यूटी लिहून आणायला सांगितले, तर या इतिहासाचे पहिले अस्सल पान लिहिले जाईल.